अनुभव आला हे मान्य. तो कुणी दिला हे कसं ठरवायचं?

माहुलीचा शंकासुर (धागालेखक)

प्रश्न थेट मांडतो. एखादा माणूस म्हणतो, "मी प्रार्थना करत होतो तेव्हा प्रभू येशू माझ्याजवळ होता, मला ते स्पष्ट जाणवलं." हा पुरावा धरायचा का? आणि धरायचा तर नेमका कशाचा?

निमित्त आमच्या स्टाफरूममधलं. माझ्याबरोबर गणित शिकवणारे सर ख्रिस्ती आहेत. त्यांचा मुलगा डेंग्यूने आयसीयूत होता, प्लेटलेट्स उतरत चालल्या होत्या. पहाटे बाहेरच्या बाकावर बसून प्रार्थना करताना त्यांना खांद्यावर कुणीतरी हात ठेवल्यासारखं झालं आणि एकदम शांत वाटलं. मुलगा वाचला. मंडळीत, म्हणजे चर्चमधल्या लोकांपुढे, त्यांनी साक्ष दिली, मग मलाही सांगितलं. सर खोटं बोलणाऱ्यातले नाहीत. पेपर तपासताना अर्ध्या मार्कासाठी जीव टाकणारा माणूस आहे तो.

पण या एका साक्षीत मला तीन गोष्टी दिसतात. सरांना हात जाणवला, ही पहिली. तो हात येशूचा होता, ही दुसरी. आणि म्हणून मीही येशूला मानावं, ही तिसरी. पहिलीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पहिलीवरून दुसरीवर कसे आलात, एवढं विचारलं की मात्र लोक दुखावतात. आपल्याला खोटारडं ठरवलं असं त्यांना वाटतं.

विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९०२ सालीच याचा निवाडा करून ठेवला आहे असं माझं मत. असा अनुभव ज्याला येतो त्याच्यापुरता तो अधिकाराने बोलतो, आणि त्याने तो मानायला कुणाची हरकत नसावी. ज्याला आला नाही त्याच्यावर मात्र तो निमूट मान्य करायचं बंधन नाही.

आपल्या साताऱ्यात ही दोन्ही टोकं एकाच गावात सापडतात. ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक शेवटची वर्षं इथे होते, १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा त्यांनी इथेच सुरू केला. आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे (अंनिस) डॉ. नरेंद्र दाभोलकरही याच गावचे. टिळकांना १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एक अनोळखी गोरा माणूस भेटला. त्याने नवा करार हातात दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगितलं. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. भाविकाला यात देवाची योजना दिसते. मला वाटतं, त्या माणसाने आणखीही काही जणांना असंच सांगितलं असेल, त्यांचं पुढे काही झालं नसेल, आणि म्हणून त्यांची गोष्ट कुणी लिहून ठेवली नसेल.

ख्रिस्ती सभासदांनी मोकळेपणाने लिहावं. कुणाला चिडवायला धागा काढलेला नाही.

भडंगप्रेमी

भडंगाचं पुडकं फोडलंय. खिडकीजवळची सीट माझी. चालू द्या राव.

मिरजकरीण

शंकासुर भाऊ, सलाम. मी ख्रिस्ती, मिरजेची, नर्सिंगमधून निवृत्त.

टिळकांचं उदाहरण तुम्ही सोयीपुरतंच घेतलंत. गाडीतल्या माणसाने भाकीत केलं आणि हे उठून बाप्तिस्मा घ्यायला गेले, असं झालेलं नाही. ते पुस्तक वाचत बसले, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले, मधली दोन वर्षं वाचण्यात आणि वाद घालण्यात गेली. पत्नी लक्ष्मीबाईंपासून ताटातूट झाली ती वेगळीच. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो असं ते सांगत. एवढा विचार करणाऱ्या माणसाला एका प्रवाशाच्या बोलण्यावर भुलला म्हणणं बरं नव्हे.

आता तुमच्या तीन गोष्टी. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ रिचर्ड स्विनबर्न यांनी १९७९ मध्ये एक साधं तत्त्व मांडलं. एखादी गोष्ट समोर आहे असं जाणवलं, तर शंका घ्यायला खास कारण सापडेपर्यंत ती आहे असंच धरावं. दुसरा सांगतो त्यावरही तसाच विश्वास ठेवावा. आपण सगळे रोज असंच जगतो. पेशंट म्हणाला छातीत दुखतंय, तर मी त्याला "सिद्ध करून दाखव" म्हणत नाही. लगेच ईसीजी लावते. देवाचं नाव आलं की तेवढ्यापुरतेच नियम का बदलायचे?

माहुलीचा शंकासुर

ताई, ईसीजी लावता ना? मग झालं की!

पेशंटवर विश्वास ठेवून तुम्ही तपासणी सुरू करता. छातीत दुखतंय म्हणाला म्हणून हार्ट अटॅक लिहून मोकळ्या होत नाही. कधी ॲसिडिटी निघते, कधी नुसती घबराट. दुखणं तिन्ही वेळा खरंच असतं. आमच्या सरांच्या खांद्यावरच्या हाताला लावायचा ईसीजी कुठला, ते सांगा. स्विनबर्न यांच्या तत्त्वातही "शंकेला खास कारण नसेल तर" ही अट आहेच. आयसीयूबाहेर रात्रभर जागलेला, न जेवलेला बाप, हे मला खास कारण वाटतं.

मेंदूवाला

मानसोपचारात काम करतो म्हणून थोडं लिहितो.

शंकासुर, जागरण आणि ताण यांनी असे अनुभव येतात हे खरं. आजारी माणसांनाच येतात असं मात्र नाही. ड्यूई रीस या वेल्समधल्या डॉक्टरने १९७१ मध्ये जोडीदार गमावलेल्या २९३ जणांना विचारलं. जवळजवळ निम्म्या लोकांना गेलेली व्यक्ती आसपास असल्याचं कधी ना कधी जाणवलं होतं, काहींना दिसलीही होती. बहुतेकांनी ते कुणाला सांगितलंच नव्हतं. ही माणसं वेडी नव्हती.

दुसरी गोष्ट. अनुभवाला चेहरा कुठला मिळतो ते बऱ्याच अंशी आपल्या घरादारावर ठरतं. तान्या लुरमन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिका, घाना आणि चेन्नई इथल्या आवाज ऐकू येणाऱ्या मनोरुग्णांशी बोलून तुलना केली. अमेरिकेत आवाज जास्त करून हिंसक, बाहेरून घुसल्यासारखे. चेन्नईत बऱ्याच जणांना नातेवाईकांचे आवाज, आणि ते काय सांगणार? आंघोळ कर, घरातली कामं कर. (आमच्या ओपीडीतही सासूबाईंचे आवाज कमी नाहीत.) याच लुरमनबाईंनी अमेरिकेतल्या ख्रिस्ती मंडळींमध्येही बराच काळ काढला. देवाचं बोलणं ऐकू येणं हे तिथे सरावाने जमत जातं, आणि कल्पनेत गढून जाण्याची वृत्ती ज्यांच्यात जास्त त्यांना लवकर जमतं, असं त्यांना दिसलं.

पण "मेंदूत घडतं म्हणून खोटं" हा युक्तिवाद कृपया कुणी करू नका. आंबा खातानाही मेंदूत हालचाल होते, त्यावरून आंबा नव्हताच असं ठरत नाही. आणि ते पर्सिंजरचं चुंबकीय हेल्मेट, जे घातलं की देव भेटतो म्हणून व्हॉट्सॲपवर फिरतं, त्याची स्वीडनमध्ये २००५ साली चाचणी घेतली गेली, चुंबक चालू की बंद हे घालणाऱ्याला आणि तपासणाऱ्याला दोघांनाही न सांगता. चुंबकाचा परिणाम दिसला नाही. मनावर लवकर छाप पडणाऱ्यांना हेल्मेट बंद असतानाही अनुभव आले.

नामधारक

एवढा काथ्याकूट कशाला? मी गोंदवल्याला जातो. तेरा अक्षरी जप चालू असताना एकदा महाराज शेजारी बसलेत असं लख्ख जाणवलं होतं. ताईंना येशू भेटतो, मला महाराज, मिरजेच्या दर्ग्यात कुणाला मिरासाहेब. पाणी एकच, घागरी वेगळ्या.

थोमाचा भाऊ

नामधारक, मनापासून आदर आहे, पण आम्हाला हे "सगळं एकच" चालत नाही. येशू मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला हा आमचा दावा आहे. ते घडलं किंवा घडलं नाही. घडलं नसेल तर आमचा विश्वास फुकट, हे येशूचा प्रेषित पौल यानेच करिंथच्या मंडळीला पत्रात लिहिलं आहे.

माहुलीचा शंकासुर

वा! आता गंमत बघा. नामधारकांचा अनुभव आणि सरांचा अनुभव यांत मला बाहेरून काहीच फरक सापडत नाही. तीच शांती, तीच खात्री. तुकोबांना स्वप्नात बाबाजी चैतन्यांनी मंत्र दिला, नामदेव पांडुरंगाला घेऊन स्वप्नात आले आणि कविता कर म्हणाले. तुकोबांनी ते अभंगांतच सांगून ठेवलंय. ताईंचं तत्त्व लावलं तर हेही जसंच्या तसं मानायला हवं. मग येशू हा एकच मार्ग, हे कुठे राहतं? आणि यातले काही अनुभव फसवे असतील, तर खात्री वाटणं हे खरेपणाचं लक्षण नाही, हे तुम्हीच कबूल करताय.

मिरजकरीण

हा मुद्दा खरोखर अवघड आहे. माझ्याकडे याला पूर्ण उत्तर नाही.

एवढं म्हणेन की तुकोबांचा अनुभव खोटा होता असं मी म्हणणार नाही. टिळकही म्हणाले नाहीत. पण काय जाणवलं आणि त्याला काय नाव दिलं, यात अंतर असतं हे आमचं शास्त्रही जाणतं. योहानाच्या पहिल्या पत्रात चौथ्या अध्यायाच्या सुरुवातीलाच लिहिलंय की प्रत्येक आत्म्यावर विश्वास ठेवू नका, तो देवाकडून आहे का याची परीक्षा करा. म्हणजे परीक्षा करणं ही काही फक्त अंनिसची मक्तेदारी नाही.

आणि ती परीक्षा कशी? फळांवरून. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ च्या जूनमध्ये काय झालं ते वाचा. प्रार्थनेच्या वेळी एका मुलीला अंगावर अग्नी उतरल्यासारखं झालं. दुसरीला ती जळताना दिसली आणि ती पाण्याची बादली आणायला धावली. मग कळलं, आग नाहीच. पुढे कित्येक मुली रडत होत्या, अन्य भाषांत बोलत होत्या. तुम्ही म्हणाल सामूहिक उन्माद. पण दुष्काळातून उचलून आणलेल्या मुलींचं ते घर होतं, आणि तिथलं काम आजही चालू आहे.

अजिंक्यतारा

ताई, फळ चांगलं म्हणून बी देवाचं, हे कसं? दाभोलकरांनी साताऱ्यात परिवर्तन हे व्यसनमुक्ती केंद्र चालवलं. कित्येक संसार सावरले. तिथे कुणावर आत्मा उतरल्याचं ऐकिवात नाही. चांगलं काम झालं यावरून एवढंच कळतं की काम चांगलं झालं.

बादलीबद्दल मात्र लिहायलाच हवं. ती मुलगी माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक साक्षीदार. आग दिसली, तर पाणी आणलं! तिने तपासलं. बाकीच्यांनी नंतर त्याचा अर्थ लावला.

थोमाचा भाऊ

मला वाटतं दोन्हीकडचे लोक सोप्या साक्षींवर भांडताहेत. पौलाचं घ्या. विश्वासणाऱ्यांना पकडून तुरुंगात टाकणारा माणूस, दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर प्रकाश बघतो आणि पुढचं आयुष्य त्याच येशूसाठी मार खातो. त्याला आधी इच्छा नव्हती, संस्कार उलटे होते. लुरमनबाईंचा सराव इथे लागू होत नाही. साधू सुंदरसिंगांचंही तसंच. शीख घरातला पोरगा, बायबल जाळलेला, १९०४ च्या डिसेंबरात पहाटे खोलीत त्याला ख्रिस्त दिसला. तो तर वेगळ्याच देवाची वाट बघत होता.

अजिंक्यतारा

सुंदरसिंगांची आई नुकतीच वारली होती, पोरगा शिकत होता मिशनच्या शाळेत आणि त्या पहाटे जीव द्यायच्या विचारात होता. "संस्कार उलटे" म्हणताना हेही लिहा की. ज्याच्याशी माणूस रात्रंदिवस भांडतो, तो त्याच्या डोक्यात सगळ्यात जास्त असतो.

आणि पौलाची ती हकीकत बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या एकाच पुस्तकात दोन तऱ्हांनी येते. नवव्या अध्यायात बरोबरच्यांना वाणी ऐकू येते पण कुणी दिसत नाही. बाविसाव्यात त्यांना प्रकाश दिसतो पण वाणी ऐकू येत नाही.

थोमाचा भाऊ

कराडच्या कोर्टात अपघाताच्या केसला बसा एकदा. तीन साक्षीदार तीन तऱ्हा सांगतात. म्हणून ट्रक उलटलाच नाही असं न्यायाधीश म्हणत नाहीत.

अजिंक्यतारा

ट्रक पंचनाम्यात असतो हो.

भडंगप्रेमी

आरारारा. 😂

संपादक

तांदळाची पोती, परदेशी पैसा आणि धर्मांतर यांवरचे प्रतिसाद उडवले आहेत. तो विषय या धाग्याचा नाही. पुन्हा आल्यास आयडी वाचनमात्र होईल.

वाळवेकर

एरवी फक्त वाचतो. पण साक्षीचा विषय निघाला म्हणून लिहितो.

माझी आत्या. शुगर बरीच जुनी. दोन वर्षांपूर्वी एका मांडवातल्या आरोग्यसभेला शेजारणीबरोबर गेली. स्टेजवर बोलावून डोक्यावर हात ठेवला, आत्या खाली पडली, उठली तेव्हा अंग हलकं झालं म्हणाली. माईकवर साक्ष द्यायला लावली, "मी बरी झाले". टाळ्या. त्यानंतर गोळ्या घेणं म्हणजे अविश्वास, असं तिच्या मनात भरवलं गेलं. पायाच्या अंगठ्याला चप्पल लागली होती, जखम चिघळली, काळी पडली, आणि आम्हाला कळेपर्यंत मोज्यात लपवलेली. अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागलं. पाय वाचला.

ती अजून म्हणते, त्या दिवशी मला खरंच हलकं वाटलं होतं. आणि वाटलंच असणार. त्या हलकेपणाचं आम्ही काय करायचं?

मिरजकरीण

वाळवेकर, वाचून अंगाचा तिळपापड झाला.

आमच्याकडे ऑपरेशनच्या आधी टेबलापाशी प्रार्थना व्हायची. दोन मिनिटं. डोळे मिटलेले, हात धुतलेले, आणि ट्रेमधली अवजारं मोजून ठेवलेली. प्रार्थना झाली की मोजणी चुकली तरी चालेल, असं कुणीही कधी म्हटलं नाही. डॉ. वान्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत दवाखाना उभा केला तो देवावर विश्वास होता म्हणून, आणि तिथे चाकू चालवला तोही त्याच विश्वासाने. औषध टाक असं सांगणारा आत्मा माझ्या ओळखीचा नाही. पायात मुंग्या येत नाहीत, दुखत नाही, म्हणजे बरं झालं असं पेशंटला वाटतं. शुगरवाल्याला दुखत नाही कारण नस मेलेली असते. हे त्या स्टेजवरच्याला कुणी सांगायचं?

अजिंक्यतारा

कुत्रा, साप, विंचू चावल्यावर माणसाला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे. चमत्काराचा प्रयोग करून फसवणं, पैसे उकळणं हेही आहे. गोळ्या "स्वतःच्या विश्वासाने" सोडल्या म्हटलं की मात्र तक्रार उभी करणं जड जातं, कारण पेशंटच म्हणतो मला बरं वाटलं. अनुभवाला पुरावा मानण्याचा हा रोखीतला हिशेब.

प्रार्थनेने बरं होतं का, याचीही तपासणी झालेली आहे. अमेरिकेत हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांनी सहा रुग्णालयांतले बायपासचे १८०२ पेशंट घेतले, निष्कर्ष २००६ मध्ये छापले. प्रार्थना होईल की नाही हे माहीत नसलेल्यांपैकी ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली त्यांत ५२ टक्क्यांना गुंतागुंत झाली, ज्यांच्यासाठी झाली नाही त्यांत ५१ टक्के. आपल्यासाठी नक्की प्रार्थना चालू आहे हे ज्यांना सांगितलं होतं त्यांत ५९ टक्के!

मिरजकरीण

देव काही लॅबमधला अभिकारक नाही, इतके थेंब टाकले की रंग बदलला असं व्हायला. तुझ्या देवाची परीक्षा पाहू नकोस, हे बायबलच्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय.

माहुलीचा शंकासुर

ताई, मग हा नियम दोन्हीकडून लावा. प्रार्थना करून पेशंट दगावला तर "परीक्षा पाहू नये". प्रार्थना करून वाचला तर माईकवर साक्ष. हरलेले डाव मोजायचे नसतील, तर जिंकलेलेही मोजू नयेत. आमच्या सरांचा मुलगा वाचला. त्याच आठवड्यात त्याच आयसीयूतली एक मुलगी गेली. तिची आईही बाहेरच्या बाकावर बसून हात जोडतच होती. कुठल्या देवाला ते विचारायचा धीर मला झाला नाही.

फ्रान्समधलं कॅथलिकांचं तीर्थक्षेत्र लूर्द या बाबतीत बरं म्हणायचं. १८५८ पासूनचे बरं झाल्याचे सात हजारांहून जास्त दावे तिथे नोंदले गेले, डॉक्टरांकडून छाननी होते, आणि चर्चने चमत्कार मानले ते ७० च्या आसपास. त्या सत्तरांवरही माझा विश्वास नाही, पण बाकीचे बाजूला काढायची हिंमत तरी त्यांनी दाखवली.

मिरजकरीण

मोजू नका. मीही मोजत नाही. म्हणून बरं होण्याची साक्ष मी मंडळीत कधी दिलेली नाही.

माझी साक्ष वेगळी आहे. पुरुष सर्जिकल वॉर्ड, रात्रपाळी. पोटाचा पेशंट, तरुण, ऊसतोडीला आलेला. पहाटे गेला. त्याच्या बायकोला मराठी नीट येत नव्हतं, मला कानडी जेमतेम. मी त्याचं तोंड पुसलं, जबडा बांधला, सलाईनची सुई काढून कापूस दाबून धरला, आणि त्या वेळी ही खोली रिकामी नाही असं मला जाणवलं. दिलासा म्हणता येणार नाही, कारण मी रडतच होते. प्रार्थना फळली नव्हती. तरीही कुणीतरी होतं. आता तुम्ही याला रीस यांच्या २९३ मध्ये बसवा, माझी ना नाही. मी तुम्हाला काही मान्य करा म्हणत नाही. तो भास होता असं मला ठामपणे सांगू नका, एवढंच.

माहुलीचा शंकासुर

सांगणार नाही. मला माहीत नाही, आणि तुमच्या जागी असतो तर कदाचित मीही तेच मानलं असतं. म्हणजे आपण दोघं जेम्सपाशी येऊन थांबलो.

थोमाचा भाऊ

मी नाही थांबलो. ताई, तुम्ही फार स्वस्तात तह केलात. ख्रिस्त फक्त ज्याच्या त्याच्या मनात उठला असेल तर आम्ही रविवारी चर्चला का जायचं? घरी बसून जाणवून घेतलं असतं की. सुवार्ता म्हणजे सगळ्यांसमोर घडलेल्या गोष्टीची बातमी, असं मी मानतो, आणि ती इतिहासाच्या कसोटीवर हरली तर हरली.

अजिंक्यतारा

मीही नाही. "ज्याचं त्याच्यापुरतं" म्हणून सोडून द्यायचं, आणि तेच वाक्य मांडवातला माणूस ढाल म्हणून वापरतो. पण थोमाच्या भावाचं आवडलं. हरायला तयार असलेला दावाच तपासता येतो. नवीन धागा काढा, पुनरुत्थानावर. मी येतो.

मिरजकरीण

अजिंक्यतारा, तुम्हाला काय दाखवलं तर पटेल, तेही त्या धाग्यात आधी लिहा.

अजिंक्यतारा

आधी लिहून सीलबंद ठेवलेली, दुसऱ्या कुठूनही कळू शकणार नाही अशी माहिती कुणाला प्रार्थनेत मिळाली, तर विचार करेन. चमत्कार सिद्ध करून दाखवणाऱ्यासाठी अंनिसचं २१ लाखांचं आव्हान आहेच.

मिरजकरीण

२१ लाखांसाठी चिठ्ठी फोडून दाखवणाऱ्या देवासाठी मी पहाटे पाचला उठणार नाही हो.

भडंगप्रेमी

हाणा! दोन्हीकडून एक एक गडी बाद. पुढचा धागा कधी?

वाळवेकर

मिरजकरीण ताई, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. आत्याच्या दुसऱ्या पायाला टाचेपाशी भेग पडलीय, ड्रेसिंगचं विचारायचं होतं. डॉक्टरपेक्षा चर्चमधल्या माणसाचं ती ऐकेल असं वाटतं.

मिरजकरीण

वाचला. रविवारी उपासना सुटल्यावर फोन करा, आत्यांनाच द्या. तोवर अनवाणी फिरू देऊ नका, भेगेवर हळद किंवा चुना काही लावू नका, आणि शेवटचा एचबीए१सीचा (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा) रिपोर्ट काढून ठेवा. गोळ्या चालू आहेत ना, हे पाकीट बघून खात्री करा. त्या "घेते" म्हणाल्या तरी पाकीट बघा.